मातोश्री राधाबाईंची उत्तरयात्रा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा प्रेमाचा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा मी प्रथम संकोचलो. बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला होता खरा. परंतु ती शिदोरी केव्हाच सरली. पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या चाकरीत, बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड हलविण्यात गेली. तरीही लेखणी हाती घेतली, त्याला कारण आमच्या देवघरातील एक लहानशी वस्तू.

ती वस्तू म्हणजे तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गंगेचा गडू. माझ्या आजीने तो काशीयात्रेहून आणला, गावी मावंदे घातले आणि गडू देवघरात ठेवला. आजीमागून तो आईकडे आला. माझी नोकरी उत्तरेत, म्हणून आई माझ्याजवळ राहू लागली, आणि प्रत्येक बदलीत सारे सामान मालगाडीने गेले तरी गडू मात्र तिच्या मांडीवर असे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या मुखी गंगा घालण्यासाठी तो गडू फोडला. तेरा दिवस सरल्यावर आमच्या सूनबाई, ज्या याच गंगाकाठच्या एका शहरातील आहेत, त्यांनी मला विचारले, "बाबा, गंगा तर आमच्या दाराशी. आजींनी ती इतक्या लांब नेली, आणि पुन्हा इकडेच आणली. असे का?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. उत्तर शोधता शोधता मी इतिहासातील एका आजीपाशी जाऊन पोहोचलो. तिचे नाव राधाबाई. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची पत्नी, पहिल्या बाजीरावाची आणि चिमाजी अप्पाची आई, नानासाहेब, रघुनाथराव व सदाशिवरावभाऊ यांची आजी. मुलानातवांवर ग्रंथ लिहिले गेले; राधाबाईंच्या वाट्याला बहुधा एखादे पान येते. परंतु मराठी कुटुंब उत्तरेत आले कसे, हा आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न विचारला, तर त्या एका पानाला फार मोठे मोल येते.

दुबेऱ्याची लेक

राधाबाई नाशिककडच्या, सिन्नरजवळील दुबेरे गावच्या बर्व्यांच्या कन्या. सासर कोकणातील श्रीवर्धनच्या भटांचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना कोकण सोडून घाटावर यावे लागले. म्हणजे ज्या घराण्याने पुढे अर्ध्या हिंदुस्थानचे राजकारण केले, त्या घराण्याचा संसारही परागंदा होऊनच सुरू झाला. सासवड, सातारा, पुणे अशी ठाणी बदलत गेली. दुबेऱ्यास, आजोळच्या घरी, १८ ऑगस्ट १७०० रोजी बाजीरावाचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. त्याच्या पाठीवर चिमाजी अप्पा. आणि भिऊबाई व अनुबाई या दोन लेकी. भिऊबाई बारामतीकर आबाजी नाईक जोशी यांच्या घरी पडली, अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांस दिली.

बाळाजीपंतांना पेशवेपद मिळाले ते १७१३ मध्ये. १७१९ मध्ये ते दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले; पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्याबरोबर आली. रायगड पडल्यापासून सुमारे तीस वर्षे मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाई, शाहू महाराजांच्या मातोश्री, त्या स्वारीबरोबर स्वराज्यात परत आल्या. उत्तरेची वाट मराठी स्त्रीच्या दृष्टीने तोवर बंदिवासाची वाट होती. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे सोळा वर्षांनी दुसरी एक मराठी आई त्याच दिशेने आपण होऊन निघाली, याचा अर्थ उमगतो.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजीपंत सासवड येथे वारले. थोरला मुलगा जेमतेम वीस वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावास दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ८ डिसेंबर रोजी, बाजीरावास मुलगा झाला व त्याला आजोबांचेच बाळाजी हे नाव ठेवण्यात आले. हेच पुढे नानासाहेब. राधाबाईंच्या आयुष्यात पती जाणे आणि पहिला नातू येणे, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

त्यानंतरची वीस वर्षे मुलगे घोड्यावर आणि आई घरात, अशी गेली. १७३० च्या जानेवारीत पुण्यास शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. मूळ वाड्यास १६,११० रुपये खर्च आला, असा हिशेब प्रसिद्ध आहे. बाजीराव कर्जात बुडालेला, वर्षातील बहुतेक महिने मुलुखगिरीवर. अशा घराचा रोजचा गाडा, सणवार, लग्नमुंजी, देणेकऱ्यांची समजूत आणि नातेवाइकांचे रुसवे, या सर्वांवर वडीलधाऱ्या माणसाचा हात लागतो. तो हात राधाबाईंचा होता. त्या काळच्या कागदांत त्यांचा उल्लेख 'मातोश्री' असा येतो. आणि पेशव्यांच्या घरात 'मातोश्री' म्हटल्यावर पुढे नाव सांगण्याची गरज पडत नसे.

याच सुमारास त्यांच्या पदरात आणखी एक जबाबदारी पडली. ऑगस्ट १७३० मध्ये चिमाजी अप्पाची पत्नी रखमाबाई प्रसूत झाली आणि थोड्याच दिवसांत, तान्हे मूल मागे ठेवून, वारली. ते मूल आजीने वाढविले. तेच सदाशिवरावभाऊ.

शत्रूच्या मुलुखातून

१४ फेब्रुवारी १७३५ रोजी राधाबाईंनी काशीयात्रेसाठी पुणे सोडले. बरोबर लेक भिऊबाई, जावई आबाजी नाईक आणि यात्रेकरूंचा व रक्षकांचा तांडा. चार वर्षांचा, आईवेगळा नातू मागे ठेवून आजी दीड वर्षाच्या वाटेला लागली. आज आपण चार दिवस गावी जाताना मुलांच्या शाळेची काळजी करतो, त्या मापाने ही गोष्ट मोजून पाहावी.

आता त्या वेळची राजकीय स्थिती पाहा. १७२९ मध्ये बाजीरावाने बुंदेलखंडात जाऊन वृद्ध छत्रसालाला सोडविले आणि मोगल सरदार महंमदखान बंगषाला जेरीस आणले. १७३३ मध्ये मंदसोरजवळ होळकर-शिंद्यांनी जयपूरच्या सवाई जयसिंगाला कोंडीत धरून खंडणी घेतली. १७३४ च्या जुलैत मराठ्यांना राजस्थानात येऊ द्यावयाचे नाही, एवढ्यासाठी राजपूत राजे हुरडा येथे एकत्र जमले. आणि राधाबाई पुण्याहून निघाल्या, त्याच दिवसांत बादशहाचे वजीर व मीरबक्षी मोठ्या फौजा घेऊन राजस्थान-माळव्याच्या सीमेवर शिंदे-होळकरांशी लढत होते. मार्चच्या अखेरीस जयसिंगाच्या मध्यस्थीने तह ठरला. माळव्याच्या चौथाईबद्दल सालीना २२ लक्ष रुपये देण्याचे मीरबक्षी खान दौरान याने कबूल केले.

अशा वेळी पेशव्यांची आई निघाली ती नेमकी याच सर्वांच्या मुलुखातून. बऱ्हाणपूर, नर्मदापार माळवा, उदेपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा-वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी, गया, हा तिचा मार्ग. ज्यांच्याशी मुलाने युद्धे केली, त्यांच्या दारावरून आईची पालखी जाणार होती. कोणी ती अडविली असती, तर बाजीरावाकडून हवी ती खंडणी वसूल करता आली असती.

तसे घडले नाही. मे महिन्यात त्या उदेपुरास पोहोचल्या. महाराणा जगतसिंग नुकताच गादीवर आला होता. सिसोदियांच्या त्या घराने पेशव्यांच्या मातोश्रींचा उत्तम सत्कार केला. तेथून नाथद्वाऱ्यास श्रीनाथजींचे दर्शन घेऊन जूनमध्ये यात्रा जयपुरास आली. पावसाळ्यात नद्यांना उतार मिळत नाही, बैलगाड्यांची चाके चिखलात रुततात आणि राहुट्यांत राहवत नाही; म्हणून पाऊस ओसरेपर्यंत मुक्काम जयपुरातच झाला.

जयपूर शहर तेव्हा अगदी नवे, वसून आठ वर्षे झालेली. सरळ रस्ते, चौपडीसारखे चौक, नवीन चुन्याचा वास. जयसिंग हा ज्योतिषाचा मोठा जाणकार; त्याच्या पदरी दक्षिणेतून गेलेले जगन्नाथ सम्राट यांच्यासारखे पंडित होते, ज्यांनी युक्लिडची भूमिती अरबी ग्रंथावरून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने उतरविली. काशीत तर दक्षिणी शास्त्र्यांची घराणी त्याही पूर्वीपासून नांदत होती. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये काशीहून आलेले गागाभट्ट हे मूळच्या पैठणच्या घराण्यातले. म्हणजे उत्तरेत मराठी विद्वान आधीच पोहोचला होता, मराठी घोडेस्वारही पोहोचला होता. मराठी कुटुंब, लेक-जावयासह, आपल्या देव्हाऱ्यासह आणि आपल्या सोवळ्याओवळ्यासह, पाहुणे म्हणून सन्मानाने येत होते, ते आता.

जयसिंगाने या पाहुण्यांची बडदास्त ठेवली. यात राजकारण नव्हते असे नाही. जयसिंगाला मराठ्यांशी मिळते घ्यावयाचे होते आणि बाजीरावालाही उत्तरेतील मने चाचपून पाहावयाची होती. मातोश्रींच्या यात्रेने ते काम केले. पुढील वर्षी, १७३६ च्या आरंभी, स्वतः बाजीराव उदेपुरास गेला आणि मार्चमध्ये किशनगडजवळ त्याची व जयसिंगाची भेट झाली. ज्या वाटेने आई गेली, त्याच वाटेने वर्षभराने मुलगा गेला. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे, तर शिष्टमंडळ जाण्यापूर्वीची पाहणी मातोश्रींनी करून ठेवली होती.

परंतु निव्वळ राजकारणाने सगळ्याचा उलगडा होत नाही. महंमदखान बंगषाचेच पाहा. जैतपुरास बाजीरावाने त्याचा मानभंग केला, त्याला अवघी सहा वर्षे झाली होती. त्यानेही मातोश्रींच्या वाटेत विघ्न आणले नाही. उलट सन्मान केला आणि वाटेची सोबत दिली. त्या काळच्या लढायांत क्रौर्य काही कमी नव्हते. तरीही यात्रेस निघालेली आई ही कोणा एका पक्षाची नसते, एवढी जाण हिंदू राजांच्या आणि मुसलमान सरदारांच्या मनात सारखीच होती. आपण या प्रदेशात मान घेऊन राहतो, त्या मानाचे मूळ शोधावयाचे तर ते मला मुलाच्या तलवारीइतकेच या सौजन्यातही दिसते.

पाऊस संपल्यावर यात्रा पुढे निघाली. मथुरा-वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग असे करीत ऑक्टोबरात काशी आली. तेथून वर्षअखेरीस गया. प्रयागास स्नान, काशीस विश्वेश्वर, गयेस पितरांचे श्राद्ध, ही आपली त्रिस्थळी यात्रा. गयेस राधाबाईंच्या मनात पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या पतीची आठवण आली असेल, हे सांगावयास कागद लागत नाही. १ जून १७३६ रोजी त्या पुण्यास परतल्या. साडेपंधरा महिन्यांचा हा प्रवास झाला.

या यात्रेची एक खूण राजकारणाच्या कागदांवरही दिसते. १७३६ मध्ये बाजीरावाने बादशहापुढे ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत प्रयाग, काशी, गया, मथुरा ही तीर्थे आपल्याकडे द्यावीत, अशी एक मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे नानासाहेबही काशी-प्रयागचा ध्यास शेवटपर्यंत बाळगून होते, आणि तेही साधले नाही. मुलाला आणि नातवाला जे फौजा धाडून मिळविता आले नाही, तेथे आजी पालखीतून जाऊन, स्नान करून, गंगेचे गडू घेऊन सुखरूप परत आली होती.

घराचे दार

येथेच हा लेख संपविला असता, तर तो स्मरणिकेला शोभलाही असता. परंतु आई किंवा आजी कितीही प्रिय असली, तरी तिच्या आयुष्याचे एक पान चिकटवून ठेवून तिचे स्मरण करू नये, असे मला वाटते. राधाबाईंच्या आयुष्यातही असे पान आहे, आणि त्यावर मस्तानीचे नाव आहे.

मस्तानी बुंदेलखंडातली. तिला छत्रसालाची कन्या मानतात. १७२९ च्या मोहिमेनंतर ती बाजीरावाबरोबर दक्षिणेत आली. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला, तो समशेर बहाद्दर. बाजीरावाची पत्नी काशीबाई हिचा मुलगा रघुनाथही त्याच वर्षीचा. एका बापाचे दोन मुलगे, एकाच आजीचे दोन नातू. परंतु मस्तानीला त्या घराने कधी सून म्हटले नाही. पुण्याच्या ब्रह्मवृंदाचा विरोध होता, घरच्यांनाही हे मान्य नव्हते. १७४० च्या आरंभी रघुनाथाची मुंज आणि सदाशिवाचे लग्न अशी दोन कार्ये पुण्यास झाली, तेव्हा बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत गुंतला होता आणि मस्तानी पुण्यात चौकीपहाऱ्यात होती. तिला कैदेत ठेवण्याचे काम चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांनी केले. त्यासंबंधीची पत्रे प्रसिद्ध आहेत. परंतु घरात वडील माणूस मातोश्री. त्यांच्या मर्जीविरुद्ध एवढी गोष्ट झाली असेल, असे म्हणवत नाही.

त्या काळच्या धर्मकल्पना लक्षात घेतल्या पाहिजेत, हे खरे. अठराव्या शतकातील एका विधवा ब्राह्मण स्त्रीने याहून वेगळे काही करावे, ही अपेक्षा कदाचित अन्यायाची होईल. परंतु मला एक विसंगती विसरता येत नाही. उत्तरेतील राजांनी आपल्या घरची आजी मातोश्री म्हणून पालखीत मिरविली. आणि उत्तरेतून आलेल्या लेकीला आपल्या घराने उंबऱ्याबाहेर ठेवले. ज्या प्रांतांनी पाहुण्यांसाठी दारे उघडली, तेथील मुलीसाठी पुण्याचे दार बंद राहिले. राधाबाईंच्या उत्तरयात्रेची पहिली बाजू मंडळाच्या व्यासपीठावरून सांगताना आपली मान ताठ होते. दुसरी बाजू सांगताना ती थोडी खाली गेली, तर काही बिघडत नाही.

एका वर्षात दोन

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला. वय चाळिसाच्या आतच. आई पुण्यास होती. पाठोपाठ थोड्याच काळात मस्तानीही गेली. तिची कबर पाबळास आहे. त्याच वर्षी १७ डिसेंबरला चिमाजी अप्पाने पुण्यात देह ठेवला. आदल्या वर्षी वसईचा किल्ला घेऊन ज्याने सगळ्या महाराष्ट्राला उत्सव दिला, तो हा मुलगा. त्याची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेली. ज्या माउलीने वीस वर्षांपूर्वी दोन कोवळ्या मुलांना उभे केले, तिने आठ महिन्यांच्या आत दोघांनाही पोचविले.

त्या वेळी घरात कोण कोण होते, ते मोजून पाहावे. वीस वर्षांचा नानासाहेब, नुकतीच पेशवाईची वस्त्रे मिळालेला. दहा वर्षांचा सदाशिव, आता बापाविनाही पोरका. सहा वर्षांचा रघुनाथ, आणि त्याच्याच वयाचा समशेर. ज्या घराने मस्तानीला जागा दिली नाही, त्या घराने तिच्या मुलाला मात्र टाकले नाही. तो पेशव्यांच्या कुटुंबातच वाढला, त्याला सरदारी मिळाली आणि पुढे बुंदेलखंडातील वाटाही त्याच्या वंशाकडे गेला. दार अर्धे का होईना, पण उघडले. हे पुण्य एकट्या आजीचे नसेल, पण आजी घरात असताना हे घडले.

यानंतर राधाबाई बारा वर्षांहून अधिक काळ जगल्या. इतिहासाला या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार नाही, कारण आजी घरात काय करते, ते रोजच्या रोज कोणी लिहून ठेवीत नाही. नातवांच्या मुंजी आणि लग्ने झाली. १७४२ मध्ये पणतू विश्वासराव आला, १७४५ मध्ये माधवराव. सून काशीबाई, जिचा संसारही १७४० सालीच मोडला होता, तिनेही पुढे तीर्थयात्रा केली आणि आपल्या माहेरी, चासेस, सोमेश्वराचे देऊळ बांधले. लेक अनुबाईने व्यंकटरावांच्या निधनानंतर इचलकरंजीचा कारभार इतक्या समर्थपणे चालविला की, १७८३ पर्यंत त्या संस्थानावर तिचीच छाया होती. आईच्या हाताखाली घरातल्या स्त्रिया काय शिकल्या, ते या दोघींच्या चरित्रावरून समजून घ्यावे.

२० मार्च १७५३ रोजी राधाबाईंचे निधन झाले. त्यानंतर आठच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर त्यांनी वाढविलेला भाऊ पडला, पणतू विश्वासराव पडला, आणि जखमी झालेला समशेर बहाद्दर डिगेस जाऊन मरण पावला. नानासाहेबही त्याच वर्षी पुण्यास वारले. तीन पिढ्यांचे हे दुःख पाहण्यास आजी उरली नव्हती, हे दैवाने तिच्यावर केलेले एक उपकारच म्हणावयाचे. पुढे ज्याने पानिपताचे नुकसान भरून काढले, तो माधवराव ही पणजी गेली तेव्हा आठ वर्षांचा होता.

पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादून छापले. ते खंड चाळताना लढाया, तह, कर्जे आणि कुरबुरी यांच्या गर्दीत मधूनच 'मातोश्री' हा शब्द येतो, आणि सगळे राजकारण क्षणभर घरगुती होऊन जाते. मोठ्या वाड्याला खांब दिसतात, पण जोते दिसत नाही. तशी ही बाई त्या घराण्याच्या इतिहासात आहे.

गडू

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या मुलाने उत्तरेतील मुलगी पसंत केली, तेव्हा माझी आई महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. लग्नास आली, अक्षता टाकल्या; परंतु पुढे वर्षभर सूनबाईंना देवघरात नैवेद्य दाखवू दिला नाही. माझी आई वाईट नव्हती. तिने आयुष्यभर परक्या गावांत शेजाऱ्यांना आपलेसे केले होते, तिच्या हातच्या पुरणपोळ्या साऱ्या सरकारी वसाहतीत जात. शेजारणीला तिने जे सहज दिले, ते नातसुनेला देताना मात्र तिचा हात अडखळला. मीही त्या वेळी गप्प बसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. घरातील शांतता राखण्याच्या नावाखाली पुरुष पुष्कळदा असे गप्प बसतात. शनिवारवाड्यातही तसेच काही झाले असावे.

नंतर आईला अर्धांगाचा झटका आला. सात महिने ती अंथरुणावर होती आणि त्या काळात तिचे सर्व काही सूनबाईंनी केले. शेवटच्या दिवसांत आईची वाचा गेली होती. एके सकाळी पूजेची वेळ झाली, तेव्हा तिने डाव्या हाताने सूनबाईंचा पदर धरला आणि देवघराकडे बोट दाखविले. सूनबाईंनी विचारले, "आजी, पूजा मी करू?" आईने मान हलविली. पुढे गडू फोडावयाची वेळ आली, तेव्हा तो फोडून आईच्या मुखी पाणी घालणारा हातही सूनबाईंचाच होता.

म्हणून त्यांना मी उशिरा का होईना, असे उत्तर दिले. गंगा तुमच्या दाराशी आहे, हे खरे. परंतु आमच्या आज्या तिला भेटावयास फार लांबून आल्या. तुमच्या माणसांनी त्यांना वाट दिली, सावली दिली, मान दिला. तो गडू म्हणजे त्या पाहुणचाराची पावती. आम्ही ती घरी नेऊन देवापाशी ठेवली, आणि परत घेऊन आलो, कारण तिची परतफेड करावयाची राहून गेली होती.

आज आपल्या मंडळाच्या सभासदांत किती तरी सुना आणि जावई मराठी मुलुखाबाहेरचे आहेत. गणेशोत्सवात आरती म्हणणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची एक आजी मराठी आणि दुसरी इकडची असते. पन्नास वर्षांपूर्वी मंडळ स्थापन झाले ते परमुलुखात आपल्या माणसांना एक दार मिळावे म्हणून. पुढील पन्नास वर्षांत ते दार बाहेरून येणाऱ्यांसाठीही तितकेच सताड उघडे राहावे, एवढीच मातोश्री राधाबाईंचे स्मरण करताना प्रार्थना.

गडू सध्या देवघरात रिकामा आहे. सूनबाई म्हणतात, या वर्षी काशीस जाऊ आणि भरून आणू. त्यांच्या माहेरच्या वाटेवरच ती पडते.